आजीच्या अकरा लुगड्यांची गोधडी: एका घराचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच घरातलं आहे. नावं दिलेली नाहीत, नात्यानंच लिहिते, आणि गाव कराडच्या बाजूचं एवढं पुरे. लिहायचं कारण म्हणजे घरचे दहाबारा जण मिळून एक वस्तू हातानं करायची ठरवतात तेव्हा सुई-दोऱ्याचं टेन्शन सगळे घेतात, पण खरं अडतं भलतीकडेच. आमचं कापडावरून अडलं, कापड कुणाचं यावरून अडलं, आणि एका तेरा वर्षांच्या मुलाच्या वाकड्या ओळीवरून अडलं.

पार्श्वभूमी

आजी म्हणजे माझ्या नवऱ्याची आजी, गेल्या तेव्हा त्यांची पत्र्याची पेटी तशीच बंद राहिली. सहा महिने कुणी हात लावला नाही. मे महिन्यात सुट्टीला सगळे गावी जमलो तेव्हा काकूंनी ती उघडली. आत अकरा लुगडी निघाली, सगळी नऊवारी. त्यातली सहा रोजच्या वापरातली सुती, धुऊन धुऊन अगदी मऊ झालेली, तीन इरकली (म्हणजे इलकलची, रेशमी पदराची), आणि दोन सिंथेटिक जी त्यांना कुणीतरी आहेरात दिलेली होती आणि त्यांनी फारशी नेसलीच नव्हती.

काकू म्हणाल्या की म्हातारीच्या लुगड्यांची वाकळ शिवायची, आपल्याकडे तशीच पद्धत आहे. गावाकडं गोधडीला वाकळ म्हणतात आणि ती उन्हाळ्यातच शिवतात, कारण तेव्हा शेतात काम नसतं, कापड धुतलं की दोन तासांत वाळतं आणि अंगणात पसरून बसता येतं. शिवाय माझी जाऊ सहावा महिना संपवत होती, त्यामुळे बाळाला दुपटं हवंच होतं, आणि तान्ह्या बाळाच्या अंगाला जुन्या सुती लुगड्याइतकं मऊ दुसरं काही नसतं हे कुणाला सांगायची गरज नव्हती.

प्लॅन असा ठरला की आजींना तीन मुलं, मोठे काका, माझे सासरे आणि सोलापूरच्या आत्या, तर तीन गोधड्या आणि वर एक दुपटं. सुट्टी होती अकरा दिवसांची. शिवायला मी, सासूबाई, काकू, नणंद, जाऊ (बसवेल तेवढं), नणंदेचा तेरा वर्षांचा मुलगा, माझी नऊ वर्षांची मुलगी, आणि आत्या रविवारी येणार होत्या. काका आणि सासरे म्हणाले आम्ही सुईत दोरा ओवून देतो. शेजारच्या आजी, ज्यांनी आयुष्यात किती वाकळा शिवल्या याचा त्यांनाच हिशोब नाही, त्या रोज संध्याकाळी येऊन बघतो म्हणाल्या.

अडचण

शनिवारी आम्ही उत्साहात कापायला बसलो. मापाचं गणित सोपं होतं: नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर, त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक पावणेसात फुटांचा, आणि दोन तुकडे शेजारी जोडले की पन्हा दुप्पट होऊन साडेसात फूट रुंदी मिळते. म्हणजे एका लुगड्यात गोधडीचे दोन थर, वरचा आणि खालचा. दोन सुती लुगडी घेतली की मधे भरायला आणखी चार. तीन गोधड्यांना तीन इरकली बाहेरून आणि सहा सुती आतून, हिशोब इतका नेमका बसला की आम्हाला वाटलं आजींनी मोजूनच ठेवलंय.

मी कात्री चालवली. तिन्ही इरकली आणि दोन सुती त्या दिवशीच कापून झाली.

रविवारी दुपारी आत्या आल्या. चहा झाला, पेटीपाशी बसल्या, आणि म्हणाल्या, "माझं डाळिंबी कुठं हाय गं?"

कुणीच बोललं नाही. डाळिंबी अंगाचं, लाल रेशमी पदराचं ते इरकली म्हणजे आत्यांच्या लग्नात आजी नेसल्या होत्या ते. हे काकांना माहीत होतं, काकूंना माहीत होतं, सासूबाईंना बहुतेक माहीत होतं, मला माहीत नव्हतं, आणि कापताना त्या तिघांपैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही कारण आम्ही गणितात गुंतलो होतो. चार तुकडे घडी करून खुर्चीवर ठेवलेले होते. आत्यांनी ते उचलले, मांडीवर घेतले आणि एवढंच म्हणाल्या की फोन तरी करायचा होतास. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी काम थांबलं.

त्यातच दुसरी अडचण निघाली. काकूंनी इरकलींचे पदर ओल्या पांढऱ्या रुमालानं चोळून बघितले, रुमाल गुलाबी झाला. इरकल नेसणाऱ्यांना हे माहीत असतं की पदर वेगळा असतो, त्याचे उभे धागे रेशमाचे आणि ते अंगाच्या धाग्यांना फासे घालून जोडलेले असतात, आणि लाल रंग सुटतो. दोन वेळा मिठाच्या पाण्यात भिजवून पाहिलं, फरक पडला नाही. गोधडी तर वर्षाला एकदा तरी धुवावी लागते, एका धुण्यात पांढरं अस्तर सगळं गुलाबी होणार हे दिसत होतं. म्हणजे आम्ही ज्याचं माप घेऊन कापलं होतं त्यातलं पाऊण मीटर प्रत्येक लुगड्यातून काढून टाकावं लागणार होतं.

कोणते पर्याय होते

रात्री जेवणं झाल्यावर ओसरीत सगळे बसलो. चार गोष्टी बोलल्या गेल्या.

पहिला, सगळंच बाहेर द्यायचं. आता बचत गटाच्या बायका ऑर्डरवर गोधड्या शिवून देतात आणि सुंदर देतात, ओळ सरळ, काम वेळेत. नणंद याच्या बाजूनं होती, तिचं म्हणणं असं की आधीच मन दुखावलंय, त्यात अजून आठ दिवस एकमेकांसमोर बसायचं म्हणजे वाढतंच जाईल. तिचा मुद्दा मला तेव्हाही पटला होता.

दुसरा, गावातल्या टेलरकडून मशीनवर टीप मारून घ्यायची. दोन दिवसांत तिन्ही तयार. पण विरलेल्या कापडाला मशीनची टीप धार्जिणी नाही, सुई इतकी जवळ जवळ टोचते की जुना कपडा तिथंच फाटायला लागतो. हाताचा धावदोरा सैल असतो, कापडाला श्वास राहतो. हे शेजारच्या आजींनी सांगितलं आणि हा पर्याय तिथंच संपला.

तिसरा, काही करायचंच नाही, लुगडी तिन्ही घरांत वाटून टाकायची. काका या मताचे होते. ते मोठे, आणि बहिणीला वाईट वाटलेलं त्यांना सहन होत नव्हतं.

चौथा पर्याय शेजारच्या आजींच्या तोंडून सहज आला. त्या म्हणाल्या, "आगं तुकडं झालं म्हणून काय झालं, दांड घाला की. आमी काय नवी लुगडी नेसून म्हातारं झालो व्हय?"

दांड हा शब्द मी आधी नुसता ऐकला होता. लुगडं मधे विरलं की विरलेला भाग कापून काढायचा आणि चांगली टोकं एकमेकांना जोडायची, किंवा दोन जुन्या लुगड्यांचे बरे भाग जोडून एक करायचं, त्या जोडाला दांड म्हणतात. एकेकाळी दांड घातलेलं लुगडं नेसणं ही गरिबीची खूण धरायचे, पण घराघरात ते होतंच. म्हणजे कापलेलं लुगडं परत नेसता येण्याजोगं करायची सोय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, आम्हालाच आठवली नाही.

हिशोब मांडला. सव्वाआठ मीटरचं नऊवारी परत होणं कठीण नव्हतं, चारी तुकडे जोडले की झालं. पण आत्या नऊवारी नेसत नाहीत. सहावारीला साडेपाच मीटर लागतं आणि पदराच्या बाजूचे तीन तुकडे जोडले तर सहा मीटरच्या वर भरतं. चौथा तुकडा उरतो.

इथं निर्णय कुणी घ्यायचा हा प्रश्न होता आणि इथं आम्ही पहिल्यांदा बरोबर वागलो. कुणीच काही सुचवलं नाही. काका बोलायला लागले तर सासूबाईंनी त्यांना हातानं थांबवलं. आत्या बराच वेळ तुकड्यांवरून हात फिरवत होत्या, मग म्हणाल्या तीन मला द्या, चौथ्याचं दुपटं करा बाळाला.

प्रत्यक्ष काय केलं

सोमवारी सकाळी आत्यांनी स्वतःच दांड घातला, दोन्ही कडा आत दुमडून, बारीक टाक्यांनी, जोड एकदम चपटा. मला शेजारी बसवून घेतलं आणि दुसरा जोड मला घालायला दिला. माझ्याकडून दोनदा उसवून घेतला. या दोन तासांत आम्ही जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्यानंतर आमच्यात काही उरलं नाही एवढं खरं.

गोधड्या तीनच्या दोन झाल्या. उरलेल्या दोन इरकलींचे पदर फाशापाशीच कापून काढले, त्यामुळे प्रत्येकी एक तुकडा आखूड पडला आणि तिथं पायाकडच्या बाजूला सुती लुगड्याची अडीच फुटांची पट्टी जोडावी लागली. बघणाऱ्याला ते डिझाइन वाटतं. मला दर वेळी आठवतं की रंग आधी तपासायला हवा होता.

दोन्ही सिंथेटिक लुगडी बाजूला ठेवली होती, ते मात्र आधीच ठरलेलं. सुती कापड धुतल्यावर आटतं, सिंथेटिक आटत नाही, दोन्ही एकत्र शिवलं की पुढं जागोजागी चुण्या पडतात, आणि थरात ते सरकतंही फार.

पहिली गोधडी सहा थरांची मांडली आणि अर्ध्या तासात कळलं की हे जमणार नाही. मुरलेल्या हाताला सहा थर जड नाहीत. आमची सुई मात्र तिसऱ्या टाक्याला अडायची, बोटं दुखायची, अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी, घरात एकच. मधलं एक लुगडं काढलं, चार थर ठेवले. चार थरांतून सुई सरसर जाते आणि थंडीला पुरेशी ऊबही मिळते.

मग आम्ही चौघी चार बाजूंनी बसून आत आत शिवत निघालो, कारण सगळ्यांना एकाच वेळी बसायचं होतं आणि अंगणात तसं बसलेलं छान दिसत होतं. संध्याकाळपर्यंत मधोमध हा एवढा फुगा. प्रत्येकीनं आपल्या बाजूचं कापड नकळत आत लोटलं होतं. शेजारच्या आजी आल्या, बघितलं, काहीही न बोलता खाली बसल्या आणि उसवायला लागल्या. मग त्यांनी दाखवलं: आधी गोधडी सपाट पसरायची, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं (आम्ही वरवंटा, दोन तांबे आणि काकांचा जुना तराजूचा दगड ठेवला), मग वीतवीत अंतरावर लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवायचे आणि मगच धावदोरा. एका दिवसाचं काम गेलं. पण या कच्च्या टाक्यांनंतर गोधडी सरकली नाही ती नाहीच.

वेळेचा हिशोबही इथंच केला, जो पहिल्या दिवशी करायला हवा होता. पावणेसात फूट लांबी, बोटभर अंतरानं ओळी घ्यायच्या म्हटल्या तर एकशेआठ ओळी होतात, आणि आमच्यासारख्यांना साडेसात फुटांच्या एका ओळीला पंचवीस मिनिटं लागत होती. म्हणजे एका गोधडीचे पंचेचाळीस तास. दोन बोटं अंतर ठेवलं तर निम्म्यात काम होतं. शेजारच्या आजींना दोन बोटं अजिबात पसंत नव्हती, त्या म्हणाल्या लवकर थर सुटतील. तरी आम्ही दोन बोटंच घेतली आणि मला अजून वाटतं की सुट्टीच्या मानानं ते बरोबर होतं, राहिलेल्या जागी मधून ओळ पुढच्या वर्षीही घालता येते.

आता मुलाची गोष्ट. नणंदेच्या मुलाचं नाव शिवणाऱ्यांत होतं तरी पहिल्या दिवशी त्याला कुणी हाक मारली नव्हती, तो आपणहून आला आणि बसला. मित्रांबरोबर क्रिकेट सोडून बसला. त्याची ओळ वाकडी जायची, टाके कुठं अर्धा इंच कुठं तांदळाएवढे, पण तीन दिवस तो सलग बसला आणि सात ओळी त्यानं एकट्यानं घातल्या. चौथ्या रात्री काकूंनी त्यातल्या चार ओळी उसवून नीट घातल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, गोधडी चांगली व्हावी एवढंच. सकाळी तो आला, आपल्या जागी बसला, ओळी बघितल्या, सुई ठेवली आणि उठून गेला. विचारलं तर म्हणाला बोअर झालं. दोन दिवस तो आला नाही.

काकूंना मी हे सांगायला घाबरत होते कारण आत्यांच्या लुगड्याचं प्रकरण माझ्या डोक्यावर ताजं होतं. शेवटी माझ्या मुलीनंच सांगून टाकलं. काकूंनी त्याच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू वगैरे काही केलं नाही, सरळ त्याच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, तुझं शिवलेलं मी उसवलं, चुकलं माझं, आता दुसऱ्या वाकळेची मधली पट्टी तुझी, तिला कुणी हात लावणार नाही. तो लगेच आला नाही. संध्याकाळी आला. त्या पट्टीत अकरा ओळी त्याच्या आहेत आणि शेवटच्या चार बऱ्यापैकी सरळ आहेत.

शेवटी काय झालं

अकरा दिवसांत एक गोधडी पूर्ण झाली, दुसरी नऊ ओळी बाकी असताना सुट्टी संपली, आणि तीन फूट बाय तीन फुटांचं एक दुपटं झालं. दुपट्याला डाळिंबी कापड वरून आणि आत सुती, पण इरकलीचे काठ काढून टाकले कारण ते बाळाला टोचले असते. पहिली गोधडी काकांकडे गावीच राहिली, दुसरी आमच्याकडे यायची होती.

ती राहिलेली गोधडी आत्याच सोलापूरला घेऊन गेल्या. एसटीत मांडीवर ठेवून नेली. महिन्याभरानं पूर्ण करून पाठवली तेव्हा बघितलं तर त्यांनी नऊ ओळी बोटभर अंतरानं दाट घातल्या होत्या, म्हणजे त्या जागेत नऊच्या अठरा झाल्या होत्या. आमच्या घरात रीत अशी की वाकळ शिवून होत आली की शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालून मग तोंड शिवायचं, वाकळेचं पोट रिकामं राहू नये म्हणून. काकांच्या गोधडीत हे काकूंनी केलं. आमच्या गोधडीत आत्यांनी काय घातलं ते त्यांनी सांगितलं नाही, कोपरा दाबला तर काहीतरी कडक लागतं.

दांड घातलेली डाळिंबी साडी आत्या जावेच्या बाळाच्या बारशाला नेसून आल्या. एक जोड निऱ्यांत जातो, दुसरा बाहेरच्या बाजूला येतो आणि दिसतो. कुणीतरी पाहुणीनं विचारलं की साडी फाटली होती का, तर आत्यांनी तिला बसवून दांड म्हणजे काय ते सगळं सांगितलं. कुणी कापली हे सांगितलं नाही.

परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी पेटी उघडतानाच सगळ्यांना फोन. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अकरा लुगड्यांचे अकरा फोटो टाकून विचारायला पाच मिनिटं लागली असती, आणि आत्याच काय, पुण्याच्या मावशींनीसुद्धा कदाचित एखादं मागितलं असतं. कापणं ही एकच पायरी अशी आहे की जी मागं फिरत नाही, बाकी सगळं उसवता येतं. आम्ही तीच सगळ्यात आधी आणि सगळ्यात घाईनं केली. दांडानं वाचवलं हे आमचं नशीब, पटोला किंवा पैठणी असती तर दांडही कामाचा नव्हता.

मग कापड भिजवून, रंग तपासून, वाळवून मग माप. उलट क्रमानं केल्यामुळे पायाकडची पट्टी आली.

पहिल्या दिवशी मोठ्या गोधडीऐवजी दुपटं शिवायला घ्यायचं. तीन फुटांत थर किती, दोरा कुठला, ओळीला वेळ किती, कच्चे टाके का, सगळं कळतं आणि चुकलं तर एका दिवसाचंच चुकतं. आम्ही दुपटं सगळ्यात शेवटी केलं आणि म्हणूनच ते सगळ्यात नीट झालंय.

उसवण्याबद्दल मात्र घरात अजून एकमत नाही. काकूंचं म्हणणं, वाकळ पंधरावीस वर्षं वापरायची असते, सैल टाक्यात पायाचं बोट अडकून ओळ निघते, तेव्हा सैल टाके उसवायलाच पाहिजेत. हे खरं आहे, पोराच्या पहिल्या सातातल्या दोन ओळी सैल होत्याच. माझं म्हणणं एवढंच की उसवायचं तर ज्यानं घातलं त्याच्यासमोर, त्याच्याच हातानं, जसं आत्यांनी माझ्याकडून करून घेतलं. रात्री गुपचूप नाही. नणंद म्हणते की मुलांच्या ओळी आहेत तशाच ठेवायच्या, निघाल्या तर निघाल्या. हा वाद पुढच्या मे महिन्यात परत होणार आहे.

कारण तीन अख्खी सुती लुगडी आणि पट्ट्या, अस्तर काढून चौथ्याचं उरलेलं कापड अजून शिल्लक आहे, दोन काढलेले लाल पदर आहेत आणि ती दोन सिंथेटिकही. पेटीत डांबरगोळ्या टाकल्या नाहीत, काकूंनी कडुनिंबाचा वाळलेला पाला घातलाय. आणि पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय, त्यावर कुठलं लुगडं आजी कधी नेसल्या होत्या ते आत्या फोनवर सांगत गेल्या आणि पोरानं लिहून काढलं. पांढऱ्यावर निळ्या ठिपक्यांचं जे आहे त्यापुढं काहीच लिहिलेलं नाही, ते कुणालाच आठवत नाही.